साबणाच्या डब्यांचं वाण

अक्कांच्या घरी गेलं की कुठल्याही वस्तूला हात लावायच्या आधी विचारावं लागे. पाणी प्यायचं असलं तरी "अक्का, हा तांब्या साधा आहे ना?" असं विचारूनच तो उचलायचा. त्या आतून सांगत, "तांब्या साधा आहे. छत्रीच्या वाटेला जाऊ नको." छत्री दारामागच्या कोपऱ्यात अगदी गरीब चेहऱ्यानं उभी असे. ती पडते आहे असं वाटून दूधवाल्यानं एकदा तिची मूठ धरली आणि हातातलं माप टाकून तो थेट गल्लीत जाऊन उभा राहिला. "अक्का, तुमना घरमा छत्री बी चावस," तो तिथूनच म्हणाला. त्यानंतर त्यानं त्यांचा उंबरा कधी ओलांडला नाही. अक्का पातेलं घेऊन बाहेर येत आणि तो पायरीखाली उभा राहून दूध घाली.

धुळ्यातल्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या. मी मराठीची शिक्षिका म्हणून लागले तेव्हा ऐंशीचं दशक अर्धंअधिक सरलं होतं आणि अक्कांची नोकरी संपत आली होती. लग्न केलेलं नव्हतं. एका गल्लीत दोन खोल्या घेऊन एकट्या राहत. मुली, शिक्षक, संस्थेचे वयानं मोठे असलेले अध्यक्ष, सगळे त्यांना अक्काच म्हणत. उंच, सडपातळ, कायम सुती पातळ, आणि पातळाखाली रबरी तळाचे कॅनव्हासचे बूट. हे बूट त्या लग्नाकार्यालाही सोडत नसत. कुणी टोकलं तर म्हणत, "मला माझ्या हातून मरायचं नाही." ऐकणाऱ्याला वाटे, म्हातारीला काहीतरी झालंय. त्यांच्या पिशवीत आणि टेबलाच्या खणात काय काय असतं, हे माहीत असलेल्यांना त्यात विशेष वाटत नसे.

वर्गात त्यांची भाषा पुस्तकासारखी स्वच्छ. राग आला किंवा माया आली की मात्र पिंपळनेरकडची अहिराणी सुरू व्हायची. त्यामुळे अक्का अहिराणीत बोलू लागल्या की समोरच्याला वाक्य संपेपर्यंत कळत नसे, आपल्याला रागावताहेत की जवळ घेताहेत. मी कितीतरी वेळा आधीच मान खाली घालून उभी राहिले आहे आणि शेवटी हातात भाजलेल्या शेंगा पडल्या आहेत.

त्यांचा उद्योग असा होता: दिसायला साधी, घरगुती वस्तू घ्यायची आणि तिच्या पोटात झटका देणारी वीज बसवायची. सामान गल्लीतल्या फोटोग्राफरकडून येई. लग्नसराई संपली की त्याच्याकडे बिघडलेल्या फ्लॅशगनांचा ढीग साठे, तो अक्का पिशवीत भरून आणत. त्यातलं काय कुठं जोडायचं, हे त्यांनी आम्हाला कधी शिकवलं नाही. "जोडायचं काम माझं, वापरायचं तुमचं," एवढंच म्हणत. झटका बसला की माणूस मरत नाही, भाजत नाही, पण हात असा झटकतो की पुन्हा तिथं न्यावासा वाटत नाही. प्रत्येक वस्तू त्या आधी स्वतःच्या हातावर लावून बघत. डाव्या हातावर बारीक तांबूस ठिपके असायचे, आणि मुलींना वाटे अक्कांना डास फार चावतात.

खरा विचार त्या विजेचा करत नसत, वस्तूचा करत. बाईकडे हत्यार आहे असं दिसता कामा नये, हे त्यांचं पहिलं कलम. "दिसलं की तो हिसकावणार, मग ते त्याचं हत्यार." म्हणून वस्तू साधी हवी. पण साधी म्हणजे कोणती, हे ठरवायला त्यांना कित्येक वर्षं लागली. आधी टॉर्च केला. वीज गेली की स्टाफरूममधला जो तो टॉर्च मागे, आणि अक्कांना दर वेळी "हा बिघडलाय" असं सांगून अंधारात बसावं लागे. मग छत्री केली. ती हिंदीच्या सरांनी न विचारता नेली आणि बसस्टँडवरून भिजत परत आणून दिली, हातात रुमाल गुंडाळून. मग चष्म्याचं घर केलं. शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी सही करताना "बाई, तुमचा चष्मा द्या जरा" म्हणून तेच उचललं. अक्कांनी ते त्यांच्या हातातून जवळजवळ ओढून घेतलं. साहेबांनी तपासणीच्या शेऱ्यात विज्ञानविभागात सौजन्य कमी आहे असं लिहिलं.

यातून त्यांना दुसरं कलम सापडलं. जी वस्तू पुरुष बाईकडे कधीच मागत नाही, तीच आपली. असं काय असतं, यावर त्या एक संपूर्ण उन्हाळा विचार करत होत्या. मला विचारलं, मी म्हटलं, "कुंकवाचा करंडा." त्या म्हणाल्या, "तो सगळ्यांकडे नसतो." शेवटी एक दिवस प्रयोगशाळेत हात धुताना त्यांना उत्तर मिळालं. दुसऱ्याची वापरलेली साबणाची डबी कुणी मागत नाही. प्रवासाला निघालेल्या बाईच्या पिशवीत ती असतेच आणि तिच्याकडे बघावंसं कुणालाही वाटत नाही. शिवाय ती प्लॅस्टिकची. त्या आनंदात त्यांनी आम्हा सगळ्यांना कँटीनमधून भजी मागवली, कारण मात्र सांगितलं नाही.

सेफ्टी पिनचा त्यांना मनस्वी राग होता. त्या काळी एसटीनं येणारी प्रत्येक बाई पदराच्या आत एक मोठी पिन जादा लावून येई, मीही लावत होते. अक्का म्हणत, "पिन टोचली की तो म्हणतो, बाईंची पिन लागली. वर सॉरी तूच म्हणतेस." हे खरं होतं. मी म्हटलेलं होतं.

इथं माझी गोष्ट सांगावी लागेल. माझं सासर शिंदखेड्याला. सकाळच्या एसटीनं धुळ्याला यायचं, संध्याकाळच्या एसटीनं परत जायचं. संध्याकाळच्या गाडीला आमच्या गावचे एक आबा असत. कोर्टकचेरीच्या कामानं ते आठवड्यातून काही दिवस धुळ्याला येत. सासऱ्यांचे स्नेही, पांढरी टोपी, गावात शब्दाला मान. गाडी स्टँडवर लागली की ते खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत, एक स्वतःची आणि एक शेजारची. मग मी चढले की सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणत, "या सूनबाई, जागा धरी ठेवेल शे." भर गर्दीत, उभं राहायला जागा नसताना, सासऱ्यांच्या स्नेह्यानं धरलेल्या जागेवर बसत नाही असं कसं म्हणणार? मी बसायची. गाडी सुटून जरा गर्दी दाटली की त्यांचा हात सीटवर नीट बसत नसे.

हे घरी सांगता येण्यासारखं नव्हतं. सांगितलं असतं तर आबांना कुणी एक शब्द बोललं नसतं. मला मात्र अगदी प्रेमानं म्हणाले असते, जाऊ दे, कशाला तो त्रास, नोकरी सोडून दे. शेजारच्या घरात असंच झालं होतं. ती मुलगी नर्सचं शिकलेली, आता घरी पापड लाटत होती. आणि मला माझी नोकरी हवी होती. पगार हवा होताच, पण त्याहून मला ती सकाळ हवी होती, नववीच्या वर्गात शिरल्यावर सगळ्या मुली एकदम उभ्या राहतात ती. ते गेलं असतं तर मी जगले असते, पण कशी, ते मला सांगता येत नाही. म्हणून मी गप्प राहिले आणि दोघांच्या मध्ये पर्स ठेवून बसायला शिकले.

एका दुपारी मी प्रयोगशाळेत अक्कांकडे खडू मागायला गेले. त्या परीक्षानळ्या धूत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू हल्ली पर्स डाव्या बाजूला घेतेस."

"सवय लागली," मी म्हटलं.

"दिवाळीपर्यंत उजवीकडे घेत होतीस." मग नळ बंद करून त्या अहिराणीत आल्या. "कोनती बाजूले बसस तो?"

माझे कान तापले. कोण, काय, हे त्यांनी विचारलंच नाही. मी म्हटलं, "डावीकडं. ते खिडकीशी बसतात. नाही, म्हणजे आधी ते खिडकीशी होते, आता मला खिडकीशी बसवतात." असं काहीबाही बोलत राहिले. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा नळ सोडला. नळ्या धुऊन स्टँडला लावता लावता म्हणाल्या, "माझी पहिली नोकरी अमळनेरला होती. चांगली शाळा होती. बागेत प्राजक्त होता." पुढं काही नाही. ती नोकरी किती दिवस टिकली आणि का सुटली, ते त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही आणि नंतरही नाही. मी खडू न घेताच परत आले.

संक्रांतीनंतर आमच्या शाळेत बायकांचं हळदीकुंकू असे. मधल्या सुट्टीत स्टाफरूमचं दार लावून घ्यायचं, तिळगूळ, हळदीकुंकू, आणि ज्या बाईची पाळी असेल तिनं वाण लुटायचं. वाण म्हणजे कंगवे, वाट्या, गाळण्या, असलंच. अक्का त्या वेळी कोपऱ्यात बसून तिळगूळ खात आणि गूळ चिकीचा वापरायला हवा होता की साधा, यावर मत देत. लग्न न झालेल्या बाईनं वाण द्यायचं नसतं, आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नव्हतं. त्या वर्षी मात्र त्यांनी आदल्या दिवशी जाहीर केलं, "यंदा वाण माझं."

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, जरा चपापल्या. त्या नियमाच्या बाई. संस्थेच्या मंडळींना इतक्या भीत की अध्यक्षांचा फोन आला तर उभ्यानं बोलत. पण हौशीनं वाण देते म्हणणाऱ्या म्हाताऱ्या बाईला नको तरी कसं म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी अक्का भाजीची मोठी पिशवी घेऊन आल्या. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पुड्या, प्रत्येकीवर पेन्सिलीनं नाव. सगळ्यात आधी त्यांनी दाराबाहेर उभ्या असलेल्या मावशींना हाक मारली. मावशी आमच्या शिपाईणबाई, पहाटे शाळा उघडायच्या. नवरा वारलेला, त्यामुळे हळदीकुंकवाच्या दिवशी त्या आपणहून दाराबाहेर थांबत आणि आम्ही कुणीही त्यांना आत या म्हणत नसू. अक्कांनी पहिली पुडी त्यांच्या हातात दिली. मोठ्या बाई काही बोलणार, तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "या वाणाला कुंकू लागत नाही." गणिताच्या बाई टेबलाशी वह्या तपासत होत्या. त्यांच्या घरी बौद्ध धम्म, हळदीकुंकू त्या करत नसत, आणि त्या मधल्या सुट्टीत आम्ही त्यांना आणि त्या आम्हाला त्रास देत नसू. अक्कांनी त्यांची पुडी वह्यांवर ठेवली. "तुम्ही याला वाण म्हणू नका. डबी म्हणा."

पुड्या सोडल्या तर सगळ्यांत गुलाबी साबणाची डबी. साबणापेक्षा जड. शिवणाच्या बाईंनी ती कानाशी नेऊन हलवली. अक्का म्हणाल्या, "थांबा, आधी बघा," आणि पिशवीतून आणखी एक काढून स्वतःची बाही वर केली. अंगठ्यानं कुठंसं दाबलं. डबीतून बारीक शिट्टीसारखा आवाज निघाला, वर वर चढत गेला आणि थांबला. मग त्यांनी डबीच्या टोकाचे दोन खिळे हाताला टेकवले. फट्ट असा आवाज झाला, अक्कांचा हात उडाला आणि डोळ्यांत पाणी आलं. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "जिवाला काही होत नाही. अब्रू जाते, पण त्याची."

"अक्का, ही शाळा आहे," मोठ्या बाई म्हणाल्या.

"म्हणून तर वाण म्हणून देते. एरवी तुम्ही घेतली नसती."

ते खरंच होतं. वाणाला नाही म्हणता येत नाही. मोठ्या बाईंनी डबी पदराखाली घेतली.

मग अक्कांनी वापर शिकवला. तो सगळा एकाच गोष्टीवर होता. आवाज चढून थांबल्याशिवाय झटका तयार होत नाही, म्हणून बटण आधी दाबायचं. "तुम्ही सगळ्या चांगल्या घरच्या," त्या म्हणाल्या, "तुम्हाला आधी खात्री हवी असते. चुकून लागला असेल, गर्दी आहे, वयस्कर आहेत. खात्री व्हस तवलोंग गाव येई जास." सगळ्या हसल्या. मी हसले नाही. इकडंतिकडं बघायचीही मला छाती झाली नाही. मला वाटलं, एवढ्या सगळ्यांना डब्या वाटल्या त्या माझी एकटीची लपावी म्हणून. मला एकटीला दिली असती तर दुपारपर्यंत सगळ्या शाळेनं कारण शोधून काढलं असतं. आता सगळ्यांच्या पिशवीत तीच गुलाबी डबी, तर कुणी कुणाला काय विचारणार? हे ध्यानात आलं तेव्हा मला अक्कांच्या पाया पडावंसं वाटलं. पडले असते तर पुन्हा सगळं उघडं झालं असतं, म्हणून तिळगूळ खात बसले.

वापरायची वेळ त्याच आठवड्यात आली. रुमाल टाकलेला होता, "या सूनबाई" झालं. मी डबी मांडीवरच्या पिशवीत अगदी वर ठेवली होती. गाडी शहराबाहेर पडली तेव्हा अजून काहीच झालेलं नव्हतं. आबा सासऱ्यांच्या गुडघ्याची चौकशी करत होते, आणि अशा माणसावर बटण दाबायचं म्हणजे मला स्वतःचीच लाज वाटत होती. तरी दाबलं. शिट्टी निघाली. समोरच्या सीटवरची म्हातारी मागं वळली. "हाऊ कसाना आवाज शे व बाई?"

"घड्याळाचा गजर आहे, आजी."

आवाज थांबला. मी हात पिशवीतच ठेवून वाट बघत राहिले. सोनगीरच्या आधी रस्ता खराब होता, तिथं गाडी हेलकावे खाऊ लागली आणि आबांचा हात नेहमीसारखा आला. मी डबी काढली आणि टेकवली.

त्यांचा हात असा उडाला की बाजूला उभ्या असलेल्या कंडक्टरच्या तिकिटांच्या पेटीवर आपटला. तिकिटं खाली पसरली. सगळी गाडी बघू लागली. कंडक्टर म्हणाला, "काय व्हयनं, आबा?"

आबांनी तोंड उघडलं. माझ्याकडं बघितलं, माझ्या मांडीवरच्या साबणाच्या डबीकडं बघितलं. आता हे सांगणार, असं मला वाटलं. सांगितलं की संपलं, उद्यापासून मी घरी. पण काय झालं ते सांगायचं, तर हात कुठं होता तेही सांगावं लागणार होतं.  मग ते म्हणाले, "काही नही. हातले मुंग्या उन्यात." आणि उठून ड्रायव्हरच्या मागं जाऊन उभे राहिले. त्यानंतर त्यांनी माझ्यासाठी कधी रुमाल टाकला नाही. गावात भेटले की सासऱ्यांची चौकशी करत, माझ्याकडं बघून नव्हे.

दुसऱ्या दिवशी मी अक्कांना सांगितलं. म्हटलं, "ते काहीच बोलले नाहीत हो."

"बोलतीन काय?" अक्का म्हणाल्या आणि सेल किती उरला आहे ते बघायला डबी मागून घेतली.

बोलणारा माणूस नंतर निघाला. शिवणाच्या बाईंचे यजमान कॉलेजात प्राध्यापक होते. आपल्याकडे वाणाच्या वस्तू कपाटाच्या वरच्या खणात जातात आणि कुणी गावाला निघालं की तिथून निघतात. प्राध्यापक जळगावला बहिणीकडे मुक्कामाला निघाले, बाई घरात नव्हत्या, त्यांनी वरच्या खणातली नवी साबणाची डबी बॅगेत टाकली. सकाळी बहिणीच्या घरी, मेव्हणे दात घासत शेजारी उभे असताना, त्यांनी ती उघडायला म्हणून सगळीकडून दाबली. पुढं काय झालं ते त्यांनी कुणाला नीट सांगितलं नाही. बादलीत बसले होते असं मेव्हण्यांकडून कळलं. परत आल्यावर ते घरी न जाता थेट आमच्या संस्थेच्या अध्यक्षांकडे गेले. शाळेत शिक्षिकांना विजेची हत्यारं वाटली जातात, ही त्यांची तक्रार. तीही गल्लीला ऐकू जाईल अशी.

अक्कांना कळलं तेव्हा त्या उलट खूश झाल्या. "तक्रार केली ना? म्हणजे माणूस भला आहे," त्या शिवणाच्या बाईंना म्हणाल्या. "ज्याचा हात नको तिथं असतो, तो तक्रार करत नाही." शिवणाच्या बाईंना रडावं की हसावं कळेना. पण पुढं कुणी नवऱ्याला हसलं की त्या हेच वाक्य त्याच्या बाजूनं वापरत, असं ऐकलं.

अध्यक्षांना सगळे नाना म्हणत. वृद्ध, देवभोळे, मनानं वाईट नव्हते. त्यांनी मंडळाची बैठक लावली आणि आम्हा सगळ्या शिक्षिकांना बोलावलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. प्रत्येकीनं आपली डबी टेबलावर आणून ठेवावी आणि ती कशासाठी घेतली ते सांगावं. मग अक्कांचं काय करायचं ते मंडळ ठरवील. अक्कांच्या पेन्शनला थोडेच दिवस उरले होते. त्या बाकावर बसून शांतपणे भिंतीवरच्या पंख्याकडे बघत होत्या. मला त्यांची काळजी वाटत होती आणि खरं सांगायचं तर तितकीच माझी. डबी देता आली असती. पण कशासाठी घेतली, हे पाच-सहा पुरुषांसमोर मी काय सांगणार होते? संध्याकाळच्या आत ते शिंदखेड्याला पोचलं असतं.

कुणी उठेना. मग मोठ्या बाई उठल्या. फोनवरसुद्धा उभ्यानं बोलणाऱ्या.  "नाना, तुमच्या घरी मी दर वर्षी हळदीकुंकवाला येते. वहिनींनी दिलेलं वाण मी कधी परत केलंय का?"

"त्याचा इथं काय संबंध?"

"हे आम्हाला वाणात मिळालंय. वाण परत करत नाहीत, आणि कशाला घेतलं असं कुणी विचारत नाही. तुम्ही वहिनींना विचारून बघा. त्या परत करा म्हणाल्या तर आत्ता सगळ्या डब्या आणते."

नाना विचारात पडले. ते घरी जाऊन हे विचारणार नव्हते, हे आम्हाला आणि त्यांनाही माहीत होतं. मोठ्या बाईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेले एक सभासद हसून म्हणाले, "म्हणजे मोठ्या बाई, तुम्हालाही मिळाली की काय?"

"मलाही मिळाली," त्या त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या.

सभासदांनी आपली खुर्ची जरा पलीकडे सरकवली. नानांनी घसा खाकरला आणि डब्या शाळेच्या आवारात वापरू नयेत अशी समज देऊन बैठक संपवली. अक्कांची पेन्शन शाबूत राहिली. बाहेर आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या की नानांच्या पंख्याचं बेअरिंग गेलंय.

मी त्या शाळेत शेवटपर्यंत नोकरी केली. माझ्या निरोपाच्या दिवशी मुली उभ्या राहिल्या तेव्हा मला जे वाटलं, त्यातलं निम्मं श्रेय त्या गुलाबी डबीचं. हे मी भाषणात सांगितलं नाही, पण आता सांगायला हरकत नाही.

एक प्रसंग राहिला. अक्का रिटायर झाल्या, त्यानंतरच्या संक्रांतीला. डब्यांचे सेल बदलायचे होते आणि अक्कांनी निरोप धाडला होता की सगळ्यांनी रविवारी या. आम्ही एकत्र गेलो, मावशी आणि गणिताच्या बाईही. छत्री कोपऱ्यात होती, तिला वळसा घालून आत आलो. अक्कांनी खाटेवर वर्तमानपत्र पसरलं होतं, त्यावर आम्ही एकेकीनं डबी ठेवली. वाण लुटलं त्या दिवसानंतर त्या सगळ्या एका जागी कधी आलेल्या नव्हत्या. प्रत्येकीनं आपली आपल्यापाशी जपलेली.

सगळ्या गुलाबी, सगळ्या सारख्या, असं मी धरून चालले होते. तशा त्या नव्हत्या. माझ्या डबीचे खिळे डाव्या टोकाला. शिवणाच्या बाईंच्या डबीला मनगटात अडकवायची नाडी होती. गणवेशाचं कापड निवडायला त्यांना बाजारातल्या दुकानाच्या माळ्यावर जावं लागे आणि मोजताना दोन्ही हात गुंतलेले असत. मावशींची सगळ्यात जाड, दुप्पट सेलांची. गणिताच्या बाईंच्या डबीला दोन्ही टोकांना खिळे होते.

आम्ही बघत राहिलो. कुणी कुणाकडे बघेना. म्हणजे मला नळापाशी विचारलेला तो प्रश्न अक्कांनी प्रत्येकीला वेगळं गाठून विचारला होता, आणि प्रत्येकीनं उत्तर दिलं होतं. इतके दिवस मला वाटत होतं की डबी माझ्यासाठी केली आणि बाकीच्यांना नुसती आडोशाला दिली. तसंच प्रत्येकीला वाटत असणार. एकाच स्टाफरूममध्ये आम्ही रोज एकमेकींच्या डब्यातली भाजी खात होतो आणि हे आम्हाला माहीत नव्हतं.  मावशी खाली बसल्या.

अक्का चष्मा लावून काम करत होत्या. एकेक डबी उघडायची, जुने सेल काढायचे, नवे घालायचे, आवाज ऐकायचा आणि जिची तिच्या हातात द्यायची. ही कुणाची, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही.

शेवटी मोठ्या बाईंची उरली. तिचं बटण खालच्या अंगाला होतं, टेबलाखाली मांडीवर धरून न बघता दाबता येईल असं. मंडळाच्या बैठकीत त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर कोण बसायचं ते आम्हाला ठाऊक होतं. अक्कांनी बटण चाचपलं.

"घट्ट नाही ना होत? नीट दाबलं जातं?"

"जातं," मोठ्या बाई म्हणाल्या. मग पदर सावरून त्यांनी चहाचा कप उचलला. "दोनदा दाबलं."